फ्रिस्कोची खबरबात : शंभरापैकी किती?



फ्रिस्को म्हटलं की देशातल्या निम्म्या नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे तो लाल पूल उभा राहतो. "अरे वा, म्हणजे कॅलिफोर्नियात!" असं म्हणून मंडळी खूशही होतात. नाही हो. ते सॅन फ्रान्सिस्को. आमचं फ्रिस्को टेक्सासातलं, डॅलसच्या उत्तरेचं. नाव मात्र तिकडूनच आलेलं. सेंट लुईस-सॅन फ्रान्सिस्को नावाची रेल्वे कंपनी होती, तिची गाडी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथून जायला लागली आणि गाडीचं लाडकं नाव गावाला चिकटलं. गाव कसलं, सन २००० च्या जनगणनेत इथे ३३,७१४ माणसं होती. २०२० मध्ये ती २,००,५०९ झाली. या वाढलेल्यांत आपली मंडळी किती हे सांगायला जनगणना नको, शनिवारी सकाळी कार्यसिद्धी हनुमान मंदिराच्या पार्किंगमध्ये जागा शोधून पाहावी.

तर या गावाची एक ओळख आपल्या पिढीला फारशी ठाऊक नाही, पण मुलांना पक्की ठाऊक आहे. व्हिडिओ गेम्स. नॅशनल व्हिडिओगेम म्युझियम २०१६ पासून आपल्याच गावात आहे आणि तिथे भिंतीएवढा पाँग खेळता येतो. पाँग म्हणजे १९७२ सालचा तो दोन काठ्या आणि एक ठिपका एवढाच ऐवज असलेला खेळ. आणि गावातच गिअरबॉक्स नावाच्या कंपनीचं मुख्य ठाणं आहे. ही कंपनी १९९९ साली शेजारच्या प्लेनोत निघाली आणि नंतर इथे आली. २०२१ साली तिला एम्ब्रेसर या स्वीडिश कंपनीनं घेतलं आणि २०२४ साली टेक-टू या न्यूयॉर्कच्या कंपनीनं ती ४६ कोटी डॉलर्सना विकत घेतली. म्हणजे 'हे काय पोरखेळ' असं म्हणायची सोय राहिलेली नाही. पोरांचा खेळ असला तरी व्यवहार थोरांचा आहे.

या खेपेला लिहायचं आहे ते या खेळांबद्दल कमी आणि त्यांना मिळणाऱ्या शेऱ्यांबद्दल जास्त. परीक्षण, समीक्षा, गुण, तारे, अंगठा वर, अंगठा खाली. आपण मराठी माणसं गुणांच्या बाबतीत हळवी. दहावीची गुणवत्ता यादी बोर्डानं बंद केली त्याला बरीच वर्षं झाली, पण आपल्या डोक्यातली यादी अजून चालूच आहे. म्हणून हा विषय आपल्याला जवळचा वाटेल अशी आशा.

आधी थोडं व्याकरण. या खेळांत एक जात आहे तिला 'थर्ड पर्सन शूटर' म्हणतात. प्रथमपुरुषी खेळात तुम्हाला फक्त स्वतःचे हात आणि बंदूक दिसते. तृतीयपुरुषी खेळात कॅमेरा पात्राच्या पाठीमागे, जरा वर असतो, म्हणजे तुमचा गडी तुम्हाला पाठमोरा दिसतो. शाळेत बाईंनी शिकवलेले पुरुष शेवटी इथे उपयोगी पडले म्हणायचे. आणि शत्रू म्हणून माणसांपेक्षा यंत्रमानव बरे, हे कारखानदारांच्या फार पूर्वी लक्षात आलं आहे. यंत्रमानवाचे तुकडे केले तर रक्त सांडत नाही आणि आयांच्या भुवया जरा कमी वर जातात.

या जातीतला एक नामांकित खेळ म्हणजे जपानी 'व्हँक्विश', २०१० सालचा. त्याची सुरुवातच अशी की शत्रू अंतराळातल्या वसाहतीवरून किरण सोडतो आणि सॅन फ्रान्सिस्को शहर भाजून काढतो. म्हणजे त्या फ्रिस्कोची राख होते आणि मग आपला नायक गुडघ्यांवर घसरत घसरत यंत्रमानवांच्या पलटणीत घुसतो. परीक्षकांनी त्या वेगाचं मनापासून कौतुक केलं आणि खेळ चार-सहा तासांत आटपतो म्हणून नाकंही मुरडली. पुढे २०१७ साली तो संगणकावर आला, २०२० साली नव्यानं सजून आला आणि तोवर 'फार आखूड' हा दोष बऱ्याच जणांच्या लेखी 'आटोपशीर' हा गुण झाला होता. खेळ तोच. बदलले ते खेळणारे. मुलं झाली, नोकऱ्या लागल्या, चाळीस तास कोणाकडे आहेत? हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता आपल्या फ्रिस्कोची गोष्ट. 'रिस्क ऑफ रेन' नावाचा खेळ वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी काढला, २०१३ साली. चपटा, बाजूनं दिसणारा, ठिपक्याठिपक्यांचा. त्यांच्या छोट्या कंपनीचं नाव हॉपू. दुसरा भाग त्यांनी एकदम त्रिमितीत, तृतीयपुरुषी केला आणि त्याचं प्रकाशन केलं आपल्या गावच्या गिअरबॉक्सनं. मार्च २०१९ मध्ये अर्धवट स्वरूपात आणि ऑगस्ट २०२० मध्ये पूर्ण. तुम्ही एका अनोळखी ग्रहावर पडता, वस्तू गोळा करत जगता, आणि घड्याळ चालू असतं. जितका वेळ काढाल तितका खेळ अवघड. खेळायला घेता येणाऱ्या पात्रांत मल्ट नावाचा एक यंत्रमानव आहे, दोन हत्यारं बाळगणारा, ओबडधोबड आणि भलताच लोकप्रिय.

परीक्षकांनी या खेळाचं चांगलंच स्वागत केलं. कौतुक होतं ते मुख्यतः एका गोष्टीचं. चपट्या खेळाला उंची-खोली देताना सहसा मूळचा जीव जातो, तो इथे गेला नाही. ख्रिस क्रिस्टोडौलू या ग्रीक संगीतकाराच्या संगीतालाही दाद मिळाली. थोडक्यात, डिस्टिंक्शन. २०२२ साली गिअरबॉक्सनं या खेळाचे हक्कच हॉपूकडून घेतले. इथवर सारं गोड.

मग आला ऑगस्ट २०२४. 'सीकर्स ऑफ द स्टॉर्म' नावाचा नवा भाग विक्रीला आला, मूळ दोघांच्या हातचा नव्हे, गिअरबॉक्सनं स्वतः केलेला. त्यात शेफ नावाचा एक स्वयंपाकी यंत्रमानवही होता, सुरे फेकणारा. पण लोकांचं लक्ष शेफकडे गेलंच नाही. कारण नव्या भागाबरोबर मूळ खेळातही बदल झाले आणि ते बदल फुकट, सगळ्यांना, मागितले नसतानाही मिळाले. ज्यांनी नवा भाग विकत घेतलाच नव्हता त्यांचाही चालता खेळ बिघडला.

काय बिघडलं ते सोप्या भाषेत सांगायचं तर असं. पडद्यावरची हालचाल म्हणजे भराभर बदलणारी चित्रं. साध्या यंत्रावर सेकंदाला साठ, भारी यंत्रावर त्याच्या दुप्पट किंवा जास्तही. चित्रं कितीही असोत, खेळातलं घड्याळ स्वतंत्र चाललं पाहिजे. इथे खेळातल्या काही हालचाली आणि हल्ल्यांचा वेग चित्रांच्या संख्येला बांधला गेला. तबलजीनं मात्रा न मोजता वही उलटणाऱ्याच्या हाताकडे पाहून ठेका धरावा तसं. वही भराभर उलटली की द्रुत, सावकाश उलटली की विलंबित. मग गायकानं करायचं काय? त्यात भर म्हणून लहानमोठे दोष निराळेच. लोक भडकले. स्टीम नावाच्या दुकानात, जिथे हे खेळ विकले जातात आणि गिऱ्हाईक अंगठा वर किंवा खाली करतं, तिथे नव्या भागाला बहुसंख्य अंगठे खाली मिळाले.

आता इथे थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. या रागातला मोठा भाग शिव्यांचा नव्हता. 'सेकंदाला इतकी चित्रं ठेवली तर असं होतं, तितकी ठेवली तर तसं होतं' असं लोकांनी मोजून लिहिलं होतं. म्हणजे गिऱ्हाइकांनी फुकटात तपासनीसाचं काम केलं. कंपनीनंही 'तुमची समजूत चुकीची आहे' असा पवित्रा न घेता दोष मान्य केले, दुरुस्तीचं वेळापत्रक जाहीर केलं आणि पुढे कित्येक महिने एकामागून एक दुरुस्त्या येत राहिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये 'अलॉइड कलेक्टिव्ह' हा आणखी एक भाग आला, तो तर सगळाच यंत्रांचा. शत्रू यंत्रं, मदतनीस यंत्रं, उडते ड्रोन. मूळच्या दोघांचं म्हणाल तर त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीची वाट धरली होती. घरचं कार्य दुसऱ्याच्या हाती सोपवून पाहुणे म्हणून बघण्याची वेळ त्यांच्यावर आली. त्यांना काय वाटलं असेल ते ज्यांनी आपला धंदा विकला आहे त्यांनाच कळेल.

दुसरं उदाहरण याच कंपनीचं, पण जातकुळी उलटी. एप्रिल २०१९. गिअरबॉक्सचा 'बॉर्डरलँड्स' हा सर्वांत गाजलेला खेळ (प्रथमपुरुषी, पण त्यातला क्लॅपट्रॅप हा एकचाकी वाचाळ यंत्रमानव म्हणजे जणू आपल्या गावचा मानकरी). त्याचा तिसरा भाग संगणकावर पहिले सहा महिने दुसऱ्याच दुकानात मिळेल असं जाहीर झालं. झालं! लोक स्टीमवर गेले आणि पहिल्या-दुसऱ्या भागांना धडाधड खाली अंगठे देऊ लागले. जे खेळ वर्षानुवर्षं आवडीनं खेळले, ते एका रात्रीत वाईट कसे झाले? झाले नव्हतेच. राग दुकानदारीवर होता, मार खेळाला पडला. शेजाऱ्याशी भांडण झालं म्हणून त्याच्या मुलाला परीक्षेत नापास करावं तसं. स्टीमनं त्याआधी नुकताच नियम केला होता की असले विषय सोडून केलेले मारे एकूण गुणांत धरायचे नाहीत. तो नियम पहिल्यांदा वापरला गेलेल्या खेळांत आपल्या गावच्या कंपनीचे हे खेळ होते. मानाचं पान म्हणावं का, हे तुम्ही ठरवा.

खेळ त्याच कंपनीचे, खाली अंगठेही तसेच दिसणारे. पण २०२४ चा अंगठा काही सांगत होता, २०१९ चा काही सांगत नव्हता. आकड्यात मात्र दोन्ही सारखेच दिसतात. आकड्याची गोम इथे आहे.

आणि आकड्याच्या जिवावर माणसांची पोटं असतात. मेटाक्रिटिक नावाची एक संस्था २००१ पासून सगळ्या परीक्षणांची सरासरी काढते. ती साधी सरासरी नव्हे, काही परीक्षकांना जास्त वजन, काहींना कमी, आणि कोणाला किती ते गुपित. पंचाहत्तर आणि वर हिरवा, पन्नासपासून चौऱ्याहत्तरपर्यंत पिवळा, खाली लाल. २०१० साली ऑब्सिडियन नावाच्या कंपनीनं 'फॉलआउट : न्यू व्हेगास' हा खेळ करून दिला. करार असा की ठरलेली रक्कम मिळेल, विक्रीत वाटा नाही, आणि मेटाक्रिटिकवर ८५ आले तर बोनस. आले ८४. बोनस गेला. २०१२ साली त्यांच्याच एका वरिष्ठ माणसानं हे उघड सांगितलं तेव्हा सगळ्यांना कळलं. ज्यांनी ८४ चा आकडा घडवला त्या परीक्षकांना आपण कोणाच्या बोनसची चिठ्ठी लिहितो आहोत हे ठाऊकही नसणार. एका गुणानं मेडिकल हुकलेली मुलं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना ही गोष्ट समजावून सांगायला नको. तो खेळ आज त्या मालिकेतला सर्वोत्तम मानणारे लोक ढिगानं सापडतील. पण मागाहून मिळालेली वाहवा बोनसच्या कामी येत नाही.

याचा अर्थ परीक्षकांनी हात आखडावा असा मात्र नाही. गिअरबॉक्सचाच 'एलियन्स : कलोनियल मरीन्स' हा खेळ फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, तेव्हा कंपनी प्लेनोत होती. आधी दाखवलेला नमुना देखणा आणि हातात आलेला माल भलताच. लग्न जमवताना दाखवलेला फोटो आणि मांडवात आलेली व्यक्ती यांत असतो तसला फरक. परीक्षकांनी गुण पन्नाशीच्या खाली आणले, प्रकरण कोर्टात गेलं आणि प्रकाशक असलेल्या सेगानं साडेबारा लाख डॉलर्सना तडजोड केली. इथे परीक्षकांनी गिऱ्हाइकाची बाजू घेतली ते योग्यच केलं. त्या खेळातल्या परग्रहावरच्या राक्षसांची सर्वांनी टर उडवली होती, इकडे तिकडे भरकटणारे, भिंतीला धडकणारे. आणि मग २०१८ साली बोभाटा झाला की खेळाच्या एका फाइलमध्ये 'टेदर' या इंग्रजी शब्दात एक 'ए' जास्त पडलेला आहे. तो एक अक्षर काढला की राक्षस बऱ्यापैकी शहाण्यासारखे वागतात! पाच वर्षं एका काना-मात्रेच्या चुकीनं राक्षस वेडे होते. शुद्धलेखनाला एवढं महत्त्व का देतात असं विचारणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. अर्थात ते अक्षर काढल्यानं सगळा खेळ सुधारतो असं नाही. नमुन्यात आणि मालात फरक होता तो होताच.

आता आमचं मत. गेम हा प्रकार पडद्यावर दिसतो म्हणून आपण त्याला सिनेमासारखं समजतो. सिनेमा एकदा लागला की लागला. २०२४ साली 'बॉर्डरलँड्स'चा सिनेमा आला, जॅक ब्लॅकनं क्लॅपट्रॅपला आवाज दिला, परीक्षकांनी तो साफ झोपवला आणि त्यावर कोणाला काही करता आलं नाही. गेमचं तसं नाही. आजचा गेम हा नाटकासारखा आहे. पहिला प्रयोग वेगळा, पंचविसावा वेगळा. वाक्यं कापली जातात, प्रकाशयोजना बदलते, नट बदलतात. 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग पुण्यात डिसेंबर १९७२ मध्ये झाला. एकोणीस प्रयोगांनंतर ते ज्या संस्थेचं होतं तिनंच थांबवलं. थिएटर अकॅडमी ही नवी संस्था निघाली आणि १९७४ मध्ये तेच नाटक पुन्हा उभं राहिलं, पुढे १९८० साली युरोपात जाऊन आलं. १९७२ च्या डिसेंबरात कोणी त्याला शंभरापैकी गुण देऊन वही मिटली असती, तर तो आकडा आज कोणाच्या उपयोगाचा?

म्हणून परीक्षण वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात असं आम्ही सुचवतो. सणासुदीला मुलं यादी हातात देतात तेव्हा आईबापांना उपयोगी पडतील.

पहिली, तारीख. हे परीक्षण कितव्या प्रयोगाचं आहे? २०२० चं कौतुक वाचून ऑगस्ट २०२४ मध्ये 'रिस्क ऑफ रेन' घेणारा फसला असता. आणि ऑगस्ट २०२४ च्या शिव्या वाचून त्यानंतर कधीच न घेणारा दुरुस्त्यांना मुकला असता. काही दुकानांत अलीकडचे अभिप्राय निराळे दाखवतात, ते पाहावेत. आणि कोणत्या यंत्रावर खेळून लिहिलंय तेही. एका यंत्रावरचं अमृत दुसऱ्यावर ताक असतं.

दुसरी, तक्रार कशाबद्दल आहे? खेळाबद्दल, किमतीबद्दल, की मालकाच्या तोंडाबद्दल? तिन्ही तक्रारी रास्त असू शकतात, पण त्यांची उत्तरं वेगळी असतात. 'फार लहान आहे' ही चौदा वर्षांच्या मुलाची तक्रार तुमच्या दृष्टीनं वरदान असू शकते, हे 'व्हँक्विश'नं शिकवलंच आहे.

तिसरी, आकड्याखाली वाक्य आहे का? ज्या अभिप्रायात 'काय' आणि 'का' नाही तो अभिप्राय नव्हे, हुंकार आहे.

आणि एक खुलासा, कारण मंडळात हा घोळ वारंवार होतो. खोक्यावरचं 'ई', 'टी', 'एम' हे अक्षर म्हणजे गुण नव्हेत. ते १९९४ साली निघालेल्या ई.एस.आर.बी. या संस्थेचं वयाचं लेबल आहे. 'टी' म्हणजे तेरा आणि पुढे, 'एम' म्हणजे सतरा आणि पुढे. 'रिस्क ऑफ रेन २' ला 'टी' आहे, 'बॉर्डरलँड्स'ला 'एम'. ज्याला समीक्षकांनी नव्वद दिले तो खेळ तुमच्या दहा वर्षांच्या मुलासाठी नसू शकतो आणि ज्याला चाळीस दिले तो निरुपद्रवी असू शकतो. क्लॅपट्रॅप दिसायला खेळण्यासारखा आहे म्हणून त्याचा खेळ लहानांचा होत नाही. गोंडस यंत्रमानवाला भुलू नये.

हे सगळं इतक्या विस्तारानं लिहायचं कारण निराळंच आहे. आपल्यातल्या काही घरांत आता हा विषय गिऱ्हाइकाचा राहिलेला नाही, तो पोटापाण्याचा होऊ घातला आहे. मुलगी म्हणते, 'मला गेम डिझाइन शिकायचंय.' सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाचा गिल्डहॉल २००३ पासून हेच शिकवतो, आणि 'डूम'वाली इड सॉफ्टवेअर ही कंपनीही याच भागातली. म्हणजे मुलगी काही चंद्रावर जायचं म्हणत नाही. पण आईबाप विचारतात, 'नोकरीची हमी काय?' प्रश्न चुकीचा नाही. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत जगभरात या धंद्यातल्या हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. हमी नाही, हे मुलीला स्पष्ट सांगावं. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न आहे जो विचारला जात नाही. तुझ्या कामाला हजारो अनोळखी लोक एका रात्रीत अंगठा खाली दाखवतील, ते तुला सोसेल का? त्यातला राग बाजूला काढून 'सेकंदाला इतकी चित्रं ठेवली तर बिघडतं' एवढं कामाचं वाक्य उचलून सोमवारी सकाळी परत कामाला बसता येईल का? हे ज्याला जमतं तो या धंद्यात टिकतो. कोणत्याही धंद्यात टिकतो म्हणा ना.

आणि हे शिकायचं कुठे? शाळेत? इथल्या शाळांत सगळ्यांना 'गुड जॉब'चं चिकटपत्र मिळतं. घरी? घरी आपण ९४ आणलेल्या मुलाला 'उरलेले सहा कुठे गेले' विचारतो. या दोन टोकांच्या मध्ये जी जागा आहे तिचं नाव समीक्षा, आणि ती आपल्याकडे ओसच पडलेली दिसते.

मंडळाचंच घ्या. गणेशोत्सवातलं नाटक संपलं की रंगपटात जाऊन सगळे म्हणतात, 'छान झालं, फारच छान.' गाडीत बसल्यावर घरी पोहोचेपर्यंत खरं परीक्षण चालतं, आणि ते ज्यांनी ऐकायला हवं त्यांच्या कानी पडत नाही. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर एखादा खवचट शेरा येतो, तो लागतो पण त्यानं काही सुधारत नाही. तोंडावर शंभरापैकी शंभर आणि पाठीमागे लाल शेरा! दिग्दर्शक बिचारा पुढच्या वर्षी त्याच चुका करायला मोकळा. माइकचा आवाज मागच्या चार रांगांना ऐकू आला नाही, हे साधं वाक्य दर वर्षी कोणी नाव घालून लिहून दिलं असतं तर एव्हाना माइक बदलला असता.

तेव्हा कार्यकारिणीला या सदरातर्फे एक नम्र सूचना. पुढच्या कार्यक्रमाला प्रत्येक खुर्चीवर एक कोरा कागद ठेवावा. त्यावर गुण मागू नयेत, तारे मागू नयेत. दोनच ओळी मागाव्यात. काय आवडलं आणि का, काय खटकलं आणि कुठे. खाली सही. नाव द्यायची हिंमत नसेल तर कागद कोरा ठेवून भजी खायला जावं. आणि ज्यांच्या हाती तो कागद पडेल त्यांनी तो वाचून एक रात्र झोप घ्यावी, मग ठरवावं.

ज्यांच्या घरी गेमवाली पिढी आहे त्यांनी हेच मुलांवर सोपवून पाहावं. नवा खेळ हवा? दे त्याच्याबद्दल दोन ओळी, मराठीत. 'ऑसम' हा शब्द बाद. काय आवडलं आणि का. जमलं तर लेखणीही सुटेल आणि मराठीही. आलेल्या चांगल्या ओळी आम्ही या सदरात आनंदानं छापू.

आणि हो, हा लेख कसा वाटला तेही कळवा. गुण नकोत. दोन ओळी पुरेत.